परदेशी सेवेला निघण्यापूर्वी
(स्वयंसेवकांच्या शिबिरात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सुट्टीत महिनाभर परदेशात जाऊन मिशनच्या बालगृहात सेवा करावी, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात आहे. कोणाला नेपाळला जायचे आहे, कोणाला कंबोडियाला. ही इच्छा चांगलीच आहे. पण तिकीट काढण्याआधी एक प्रश्न विचारा : मी परत आल्यावर तिथल्या मुलाजवळ काय उरणार?

मदर तेरेसांचे उदाहरण घ्या. १९२८ साली, अठराव्या वर्षी त्यांनी स्कोप्ये सोडले. आधी आयर्लंडमध्ये राहून इंग्रजीचे धडे घेतले आणि १९२९ च्या जानेवारीत त्या कोलकात्याला पोहोचल्या. पुढे बंगाली शिकल्या, अनेक वर्षे शाळेत शिकवले. १९४८ साली वस्तीत काम करायचे ठरले, तेव्हाही आधी पाटण्याला जाऊन रुग्णसेवेचे प्राथमिक शिक्षण घेतले. माया त्यांच्याजवळ होतीच. तरी शिकल्याशिवाय त्यांनी कामाला हात घातला नाही.

आज त्यांच्या संस्थेत देशोदेशींचे स्वयंसेवक येतात. त्यांच्या वाट्याला बहुधा कपड्यांचे ढीग येतात. ते हाताने धुवायचे, पिळायचे, वाळत घालायचे. मग जेवण वाढायचे, भांडी घासायची. त्यात फोटो काढण्यासारखे काही नाही. पण तेवढ्या वेळात रोजच्या सांभाळणाऱ्या मावशीला मुलांजवळ बसता येते. मुलाला तीच मावशी उद्याही दिसणार असते.

आता दुसरी बाजू ऐका. कंबोडियात २००५ ते २०१० या काळात अनाथालये १५४ वरून २६९ झाली.  २०११ च्या पाहणीत दिसले, की तिथल्या चारपैकी जवळजवळ तीन मुलांची आई किंवा वडील हयात होते. मग ही मुले आली कुठून? गरिबीतून. ‘मुलगा शिकेल, पोटभर जेवेल’ असे सांगून ती घरातून आणली गेली. परदेशी पाहुणे आणि त्यांच्या देणग्या वाढल्या, तशी अनाथालयेही वाढली. काही ठिकाणी तर मुले हेच उत्पन्नाचे साधन झाले. अखेर डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एका ठरावात म्हटले, की पर्यटनाच्या ओघात अनाथालयांत चालणारी स्वयंसेवा मुलांच्या तस्करीला आणि शोषणाला वाट करून देऊ शकते.

आपल्याला हे समजणे अवघड नाही. वीटभट्टीचा हंगाम आला की पाड्यावरची आईबापे बाहेर पडतात, पोर आजीजवळ राहते. त्या पोराला कोणी अनाथ म्हटले तर आपण खपवून घेऊ का? त्याला हवी असते शाळा, दोन वेळचे जेवण आणि आईबापांना गावातच काम. कंबोडियातल्या पोराचेही तसेच आहे.

बालगृहात पाऊल टाकताच एखादे मूल धावत येऊन गळ्यात पडते. आपण हरखून जातो. पण घरातले मूल अनोळखी माणसाला आधी आईच्या पदराआडून पाहते. कोणाच्याही गळ्यात पडणारे मूल बहुतेक वेळा अनेकांना निरोप देऊन बसलेले असते. महिन्याने त्या निरोपांत आपली भर पडते.

म्हणून जाण्यापूर्वी संस्थेला पत्र लिहून विचारा. मुलांचे आईवडील, नातेवाईक शोधता का? गेल्या वर्षी किती मुले घरी परतली? संस्थेची सरकारदरबारी नोंद आहे का? माझ्या चारित्र्याची पडताळणी करणार का? मुलांचे फोटो काढण्याबाबत नियम काय आहे? कोणतीही चौकशी न करता, पैसे भरताच मुलांमध्ये सोडणारी संस्था असेल, तर तिथे जाऊ नका.

जाल तर तिथल्या भाषेतली निदान शंभर वाक्ये शिकून जा. सुतारकाम, हिशेब, नर्सिंग, नळदुरुस्ती, जे येत असेल ते तिथल्या कार्यकर्त्यांना शिकवा. मुलाला आंघोळ घालणे, भरवणे, झोपवणे त्याच्या रोजच्या माणसांकडेच राहू द्या. आणि जाणे जमले नाही, तर प्रवासाचा खर्च अशा कामाला पाठवा, जिथे त्या पैशातून एखादे मूल स्वतःच्या घरी राहून शाळेत जाईल.