चंद्राचा पाऊण तास

मुलांना चंद्र शिकवावयाचा म्हणजे पाठ्यपुस्तकातील एक आकृती दाखवावयाची, असा बहुतेक घरांचा व शाळांचा प्रघात आहे. मध्ये पृथ्वी, तिच्या सभोवार आठ चंद्र आणि एका बाजूने येणारे सूर्यकिरण. मूल ही आकृती पाठ करते, परीक्षेत बिनचूक काढते; आणि तरीही 'चंद्राची कोर कशाने होते?' असे विचारले, तर 'त्याच्यावर पृथ्वीची सावली पडते म्हणून,' असे सांगून मोकळे होते. हे उत्तर चुकीचे आहे. परंतु कित्येक शिकलेली वडील माणसेही तेच देतात, तेव्हा मुलास हसण्याचे कारण नाही. दोष आकृतीचा नव्हे. आकाशाच्या आधी आकृती दाखविण्याचा आहे.

गिरगावातील खोताच्या वाडीचे उदाहरण घ्यावे. अरुंद गल्ल्या, लाकडी जिने व सज्जे असलेली जुनी घरे, आणि आता भोवताली उठलेल्या उंच इमारती. तेथील मुलांच्या वाट्यास आकाशाचा तुकडाच काय तो येतो. तथापि या वाडीचा चंद्राशी संबंध जुना व घरोब्याचा आहे. एका घरी संकष्टीच्या रात्री चंद्रोदय होईपर्यंत पाने वाढली जात नाहीत. शेजारच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबात ईस्टरचा दिवसही चंद्रच ठरवितो. २१ मार्च रोजी वा त्यानंतर चर्चच्या गणिताने जी पौर्णिमा येते, तिच्यापुढील पहिला रविवार तो ईस्टर. दोन्ही घरांतील मुले प्रश्न मात्र एकच विचारतात : सणाची तारीख दर वर्षी का बदलते? अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस लागतात. असे बारा महिने मिळून ३५४ दिवस होतात, म्हणजे सौर वर्षाहून अकरा दिवस कमी. हे अंतर वाढत गेले की हिंदू पंचांग अधिक मास धरते, आणि चर्चचे गणितही आपल्या परीने ते भरून काढते.

पण हे गणित पुढचे. आरंभ डोळ्यांनी व्हावा. पावसाळ्यात मुंबईचे आकाश झाकलेले असते. म्हणून दिवाळीच्या सुटीसारखा काळ नाही. भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया. पुष्कळ घरी त्या सायंकाळी आधी बीजेच्या कोरीस ओवाळतात व मग भावास. त्याच दिवशी मुलास चौपाटीवर न्यावे. सूर्य मावळल्यावर मलबार टेकडीच्या बाजूस कोर दिसेल आणि थोड्याच वेळात तीही मावळेल. पुढे रोज एकाच जागेवरून, एकाच वेळी, चंद्र कोठे आहे ते मुलाने वहीत मांडावे. अष्टमीस सूर्यास्ताच्या वेळी तो डोक्याकडे सरकलेला आढळेल, पौर्णिमेस पूर्वेस उगवताना. काही दिवसांतच मूल आपण होऊन सांगेल की चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशीर करतो.

हा पाऊण तास हीच चंद्राची किल्ली होय. चंद्र पृथ्वीभोवती फिरत असल्यामुळे एका तिथीत सूर्यापासून बारा अंश पुढे जातो. पृथ्वीस एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात; बारा चोक अठ्ठेचाळीस. प्रत्यक्षात हा उशीर कधी थोडा कमी, कधी अधिक असतो. पण सरासरी ध्यानात धरण्याजोगी आहे. पौर्णिमेस चंद्र सूर्यास्ताला उगवतो. चार तिथींनी तो तीन तास मागे पडतो, म्हणून संकष्टीचा चंद्र नऊ-साडेनऊच्या सुमारास येतो. भुकेल्या आजीस तो दर महिन्यास का ताटकळत ठेवतो, याचे उत्तर नातवास स्वतःच्या वहीत सापडते.

आता सावलीचा भ्रम. वद्य अष्टमीच्या सुमारास सकाळी शाळेत जाताना मुलास वर पाहावयास सांगावे. निळ्या आकाशात अर्धा चंद्र असतो, सूर्यही वर आलेला असतो आणि चंद्राची उजळ बाजू नेमकी सूर्याकडे असते. मग पृथ्वीची सावली तेथे कशी पोहोचणार? रात्री खोलीत अंधार करून एकच दिवा ठेवावा. मुलाने पांढरा चेंडू डोक्यापेक्षा किंचित उंच धरून दिव्याकडे तोंड करावे आणि डावीकडे हळूहळू वळत जावे. चेंडूचा अर्धा भाग नेहमीच उजळलेला असतो. त्यातील कधी कोर दिसते, कधी अर्धा, कधी सारा. दिव्याकडे पाठ झाली असता चेंडू खाली घेतला, तरच त्यावर डोक्याची सावली पडते. ते ग्रहण; आणि चंद्राची कक्षा सुमारे पाच अंश कललेली असल्यामुळे ते दर पौर्णिमेस होत नाही.

चंद्राची कला म्हणजे तेथील दिवस-रात्र, हे भारताच्या चांद्रयान-३ या यानाने घराघरांत दाखविले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी, श्रावण शुद्ध सप्तमीस, ते उतरले, तेव्हा त्या जागी सकाळ झालेली होती. तेथील दिवस आपल्या चौदा दिवसांएवढा. पौर्णिमा उलटून संध्याकाळ जवळ आली, तेव्हा ४ सप्टेंबर रोजी 'विक्रम'ला निद्रिस्त करण्यात आले.

शेवटचा धडा पुन्हा चौपाटीवर. कोकणच्या दर्यावर्दींचा जुना ठोकताळा असा की, तिथीस पाऊणने गुणावे; जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. द्वितीयेस दीड, अष्टमीस सहा, पौर्णिमेस सव्वाअकरा. मुलाच्या वहीतील पाऊण तास समुद्रही पाळतो! अमावास्या-पौर्णिमेस पाण्याला उधाण येते व अष्टमीच्या सुमारास भांग असतो, कारण त्या वेळी सूर्य व चंद्र काटकोनात ओढतात.

वहीचा महिना पुरा झाला की मग पाठ्यपुस्तक उघडून ती आकृती मुलापुढे ठेवावी. ती पाठ करवून घ्यावी लागणार नाही. आठ चंद्रांपैकी कोणता कोठून व केव्हा पाहिला, हे मूलच वडिलांना सांगेल.