जयपूरचा पाय आणि कारखान्याचा हात



शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त ‘उद्योग आणि समाज’ या विषयावर मी बोलावे, असे संयोजकांनी कळविले. माझी सारी नोकरी जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात, एका कारखान्याच्या टूलरूममध्ये झाली. तेव्हा उद्योगांच्या दानधर्माविषयी मी जे सांगणार आहे ते ताळेबंद वाचून सांगत नाही. टूलरूमच्या दारातून जेवढे दिसले तेवढेच सांगतो.

जयपूरचे नाव आपल्यापैकी अनेकांनी ‘जयपूर फूट’मुळे ऐकले असेल. अपघातात पाय गमावलेल्या सुधा चंद्रन तोच पाय लावून पुन्हा नाचल्या, हे मुंबईकरांना सांगायला नको. त्या पायाचा जन्म 1968 सालचा. सवाई मानसिंह रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर कुष्ठरुग्णांना हस्तकला शिकवीत असत. सारे त्यांना ‘मास्टरजी’ म्हणत. शालेय शिक्षण बेताचेच, पण हात विलक्षण. त्यांना आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांना एकच गोष्ट खटकत होती. परदेशी धर्तीचा कृत्रिम पाय ताठ असे आणि बुटावाचून चालत नसे. आपला माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, देवळात आणि स्वयंपाकघरात अनवाणी जातो, चिखलात पेरणी करतो. असे पाय घेऊन गेलेली माणसे ते कोपऱ्यात ठेवून पुन्हा कुबड्यांवर येत.

असे सांगतात की एके दिवशी मास्टरजींच्या सायकलचे चाक पंक्चर झाले. रस्त्याकडेच्या दुकानात गेले, तर तिथे ट्रकच्या टायरवर नवे रबर चढविण्याचे काम चालले होते. ते पाहून ते तडक डॉक्टरांकडे गेले आणि दोघे पावलाचा साचा घेऊन दुकानात परत आले. दुकानदाराने रबराचे पाऊल ओतून दिले आणि ते कशासाठी आहे हे कळल्यावर पैसे घेण्यास नकार दिला.

मी साचे करण्यात आयुष्य घालविलेला माणूस आहे, म्हणून या दुकानदारापाशी थोडा थांबतो. त्याने दिले काय? थोडे रबर, भट्टीचा थोडा वेळ आणि आपली कसबी नजर. रबर किती तापवावे, किती वेळ दाबात ठेवावे, हे त्या दोघांपेक्षा त्याला अधिक कळत होते. एखाद्या धनिकाने त्या दिवशी हजार रुपये दिले असते, तरी ते पाऊल त्या रुपयांनी घडले नसते.

अर्थात नुसत्या कसबानेही भागत नाही. पुढच्या सात वर्षांत असे पाय जेमतेम पन्नासेक लोकांनाच बसविले गेले. 1975 साली देवेंद्रराज मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली, तेव्हा कामाला वेग आला. हे सनदी अधिकारी पुढे मुंबईत सेबीचे अध्यक्ष झाले. 1969 साली एका भीषण मोटार अपघातात त्यांचा स्वतःचा पाय जाता जाता वाचला होता. समितीत पाय मोफत मिळतो आणि रुग्णाच्या राहण्याजेवणाची सोयही होते. पायाचा उरलेला खुंट ज्यात बसतो ते सॉकेट तिथे एचडीपीई पाइपपासून करतात. तोच पाइप, जो शेतात पाणी नेण्यासाठी वापरतात. पाइप तापवून मऊ करायचा आणि खुंटाच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृतीवर ओढून बसवायचा. एवढे मोठे काम चालायचे तर देणग्या लागतातच, आणि त्यांत उद्योगांचा वाटा असतो. पैशाला कमी लेखणाऱ्यांपैकी मी नाही.

आता कायद्याकडे वळतो. 2013 च्या कंपनी कायद्यातील कलम 135 अन्वये, ज्या कंपनीचे नक्त मूल्य 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावयाचे असतात. 1 एप्रिल 2014 पासून हे लागू आहे. पण 2021 मध्ये सरकारने स्पष्ट केले की वस्तुरूप मदत किंवा कर्मचाऱ्यांनी विनामोबदला दिलेली सेवा यांची रुपयांत किंमत करून ती या खर्चात धरता येणार नाही. कारण समजण्याजोगे आहे. नाहीतर गोदामातला पडून राहिलेला माल अव्वाच्या सव्वा भावाने ‘दान’ झाला असता. तरीही त्या टायरवाल्याचे दान या हिशेबात शून्य भरते, हे मला अस्वस्थ करते.

आमच्या कारखान्याचे नाव सांगत नाही. आम्ही एका तालुक्याच्या गावी पाय बसविण्याचे शिबिर भरविले. चाळीस पायांचा खर्च कारखान्याचा. कार्यक्रमपत्रिका मी आखली होती. आधी भाषणे, मग पाय, कारण छायाचित्रात सारे लाभार्थी ओळीने बसलेले हवे होते. पाहुणे अडीच तास उशिरा आले. सकाळी माप घेतलेले खुंट पाय लोंबते ठेवून बसल्याने दुपारपर्यंत सुजले, आणि कित्येकांची सॉकेट बसेनात. तंत्रज्ञ ती पुन्हा तापवून सैल करीत संध्याकाळपर्यंत राबले. पाहुणे केव्हाच परतले होते. ती चूक माझी होती.

निघताना एका वृद्ध शेतकऱ्याने मला विचारले, “साहेब, पट्टा तुटला तर कुणाकडे जायचं?” आमच्या अहवालात चाळीस पायांची नोंद होती, पट्ट्यासाठी रकाना नव्हता.

ही गोष्ट मी टूलरूममध्ये सांगितली. आमचा सर्वांत जुना फिटर म्हणाला, “पट्टा आणि रिबिट तर आपणही बसवू.” दोघे आठवडाभर तंत्रज्ञांपाशी बसून शिकले आणि दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी त्या गावी जाऊ लागले. लेखापालांनी मला बोलावून विचारले, “हे कुठल्या खात्यात टाकू?” टाकण्याजोगे खातेच नव्हते. व्यवस्थापकांनी तो दिवस कामाचा धरला, एवढेच.

एकदा मागणी वाढली, जादा पाळ्या सुरू झाल्या आणि सात महिने कोणी गेले नाही. आठव्या महिन्यात आमची माणसे पोहोचली, तेव्हा एक बाई पट्ट्याऐवजी सुतळीने पाय बांधून आली होती. मांडीवर काचलेल्या जागी जखम झाली होती. ती काही बोलली नाही. त्यानंतर कितीही घाई असली तरी दुसरा शनिवार चुकवायचा नाही, असे फिटरांनीच ठरविले.

या शाळेत सुतारकामाच्या तासाला गुरुजींनी मला रंधा धरायला शिकविले. ते बोट आजही कामी येते, कारण निवृत्तीनंतरही मी त्या शनिवारी जातो. मागच्या खेपेस चौदा पाय दुरुस्तीला आले. नऊ त्याच दिवशी नीट झाले. पाचांची सॉकेट बदलावी लागणार होती, म्हणून त्या मंडळींना जयपूरला धाडले. त्यांचे गाडीभाडे कारखान्याने दिले. तेवढ्याची पावती लेखापालांकडे आहे.