समाजकार्यात मोजणीचे स्थान
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आपल्या मंडळाने किती वह्या वाटल्या व किती शिष्यवृत्त्या दिल्या, हे दरवर्षी अहवालात छापून येते. त्यायोगे किती मुले शाळेत टिकली, हे मात्र कोठेही आढळत नाही. गुणवंतांचा सत्कार आपण थाटाने करतो. नववीतून शाळा सोडून होडीवर गेलेल्या मुलाचे नाव आपल्या दप्तरी नसते.

या बाबतीत गडचिरोलीचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बालकांचे मृत्यू रोखण्याचे कार्य हाती घेतले, तेव्हा १९९३ ते १९९५ अशी दोन वर्षे आधी माहिती जमवली. मग ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी बाळांची शुश्रूषा सुरू केली, आणि तुलनेसाठी ४७ गावांतील जन्ममृत्यूंची नोंद ठेवली. तिसऱ्या वर्षी, त्या ४७ गावांशी ताडून पाहता, नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलेले आढळले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हा निष्कर्ष प्रसिद्ध केला.

ही ४७ गावे नसती, तर मृत्यू शुश्रूषेने घटले की पीकपाणी सुधारल्याने, हे कोणी सांगावे? आपल्या वाडीत दहावी उत्तीर्ण होणारे वाढले, याचे श्रेय आपण घेतो. पण जेथे आपली एकही वही पोहोचली नाही, त्या वाडीतही ते तितकेच वाढले असतील तर?

कोणी विचारील, तुलनेसाठी काही मुलांना वंचित ठेवावे काय? तशी गरजच नाही. निधी तोकडा असल्याने सर्व वाड्यांस एका वर्षात मदत पोहोचत नाहीच. ज्याची ओळख मोठी, त्याची वाडी आधी, असा (क्षमा असावी) आपला रिवाज आहे. तो क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. पक्षपात टळेल आणि तुलनाही साधेल.

मोजणी चतुर्थीत मात्र करू नये. चाकरमानी आलेले, घर माणसांनी भरलेले. त्या दिवसांत कोणाचीही ददात दिसत नाही. आषाढात, मासेमारी बंद असताना जावे. कार्यवाहांनी स्वतः जाऊ नये. ज्याच्या हाती शिष्यवृत्ती, त्याच्यापुढे खरे कोण बोलेल? दुसऱ्या वाडीतील शिकलेल्या सुनांनी घरातील स्त्रियांना विचारावे: शाळेच्या वयाची मुले किती, जातात किती, आणि न जाणाऱ्याने शाळा कोणत्या महिन्यात सोडली? नारळी पौर्णिमेनंतर होड्या लोटल्यावर सोडली असेल, तर अडचण घरच्या मिळकतीची असू शकेल; निकालानंतर सोडली असेल, तर त्याला वह्यांपेक्षा शिकवणीची गरज अधिक.