ताटापर्यंत पोहोचणारा उपचार



भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी व्यक्तींना मधुमेह आहे आणि सुमारे १३.६ कोटी व्यक्ती पूर्वमधुमेहाच्या, म्हणजे साखर वाढलेली पण निदानाच्या मर्यादेखाली असलेल्या अवस्थेत आहेत. या सर्वांच्या उपचारात आहारतज्ज्ञाचे स्थान पुरवणीचे नसून मुळाशीच आहे, ही जाणीव आज आहारशास्त्राची पदवी ग्रहण करणाऱ्या स्नातकांनी पदवीबरोबर स्वीकारणे आवश्यक आहे.

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात शरीर इन्सुलिन तयार करते, परंतु स्नायू, यकृत आणि मेदपेशी त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. या स्थितीला इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात, आणि तिची भरपाई करता करता स्वादुपिंडातील बीटा पेशी अपुऱ्या पडू लागल्या की रक्तातील साखर वाढते. पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनाने दाखवून दिले की अनेक भारतीयांची शरीरे सडपातळ दिसत असूनही त्यांत स्नायू कमी आणि चरबी अधिक असते, त्यामुळे केवळ वजनकाट्यावर विसंबलेला सल्ला येथे अपुरा ठरतो.

आहाराच्या सामर्थ्याविषयीचा पुरावा भक्कम आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत, मधुमेहाचा धोका असलेल्या व्यक्तींमध्ये आहार-व्यायामाच्या मार्गदर्शनाने नव्या मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, तर मेटफॉर्मिन या औषधाने ३१ टक्क्यांनी. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ चाचणीत, निदान होऊन सहा वर्षे न उलटलेल्या व इन्सुलिन न घेणाऱ्या रुग्णांना आहारतज्ज्ञ किंवा परिचारिकांनी वजन घटवण्याचा नियोजित कार्यक्रम दिला, तेव्हा वर्षअखेरीस ४६ टक्के रुग्ण मधुमेहाच्या औषधांविना रोगशमनाच्या अवस्थेत होते. दुसऱ्या वर्षाअखेर हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. या घसरणीचा अर्थ असा की मिळवलेला लाभ टिकवण्यासाठी रुग्णाला दीर्घकाळ साथ लागते, आणि एका भेटीत हाती दिलेला छापील तक्ता ती साथ देऊ शकत नाही.

ही साथ रुग्णाच्या ताटापासून सुरू होते. सोलापूरकडील भाकरी-आमटी, कोकणातील भात आणि मासळी, खानदेशातील कळण्याची भाकरी यांना एकच तक्ता लागू पडत नाही. प्रत्येक घरी भाताचे वा भाकरीचे प्रमाण किती घटवायचे, डाळ, उसळ, दही वा अंड्यातून प्रथिने कशी वाढवायची आणि भाजीला ताटात अधिक जागा कशी द्यायची, हे घरच्या कमाईचा आणि स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या सवडीचा विचार करूनच ठरवावे लागते. साखरेऐवजी गूळ घेतल्याने रक्तातील साखर वाढायची थांबत नाही, आणि एकादशीची साबुदाण्याची खिचडी मुख्यतः पिष्टमय असते, हे कोणाच्या श्रद्धेचा अवमान न करता समजावून सांगता आले पाहिजे. जो रुग्ण इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेतो, त्याने उपवास केल्यास अथवा जेवण अचानक घटवल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. म्हणून आहारातील प्रत्येक मोठा बदल डॉक्टरांशी बोलून, औषधांच्या मात्रेशी जुळवूनच करणे हे कर्तव्य ठरते.

२०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या राष्ट्रीय कायद्याने आहारतज्ज्ञांच्या व्यवसायाला वैधानिक चौकट दिली आहे. त्यातून मिळालेली प्रतिष्ठा सार्थ ठरवायची, तर या स्नातकांनी चमत्काराची हमी देणाऱ्या आहारपद्धतींपासून दूर राहावे, पुराव्याशी प्रामाणिक राहावे, साखर पुन्हा वाढलेल्या रुग्णाला दोष न देता त्याचा आराखडा नव्याने आखावा, आणि शहरी दवाखान्यांइतकेच प्राथमिक आरोग्य केंद्रांनाही आपले कार्यक्षेत्र मानावे. कारण ज्यांना महागडी औषधे परवडत नाहीत, त्यांना योग्य आहारसल्ल्याची गरज सर्वांत अधिक आहे.