गाण्याचे व्याज कोणाच्या खात्यात?

(ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवी ऑर्केस्ट्रासाठी लायसन्सचे पैसे भरायचे म्हटल्यावर मीटिंगमध्ये कुणीतरी विचारले, "गायकांना मानधन देतोय ना, मग हे आणखी कसले?" प्रश्न रास्त आहे. माझे आयुष्य बँकेत गेले, तेव्हा त्याच भाषेत सांगतो. गायकाला देतो तो पगार. गीतकार-संगीतकाराला द्यायचे ते व्याज, कारण मुद्दल त्यांचे आणि वापरतो आपण.

हे व्याज गोळा करते आय.पी.आर.एस. ही 1969 साली स्थापन झालेली संस्था. एकटा गीतकार हॉटेलांत, रेडिओ केंद्रांवर वसुलीला कुठे फिरणार? तो सभासद होऊन आपली गाणी नोंदवतो. संस्था लायसन्स देते, पैसे घेते आणि वाटते. लग्नसमारंभाला, धार्मिक विधीला कायद्यात सूट आहे. आपला तिकीट लावलेला ऑर्केस्ट्रा त्यात बसत नाही, कितीही भक्तिगीते घातली तरी!

पूर्वी सिनेमाच्या गीतकाराची मोठी पंचाईत होती. 1977 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे, करारात वेगळे लिहिले नसेल, तर पैसे देऊन गाणे करून घेणारा निर्माताच त्याचा मालक. 2012 साली कायदा बदलला. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत पोटतिडकीने बोलले होते. आता गाणे विकले तरी चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला निम्मा वाटा लिहिणाऱ्या-चाल लावणाऱ्यांचाच. तो फक्त वारसांना किंवा अशा संस्थेलाच देता येतो.

हक्क मृत्यूनंतर 60 वर्षे राहतो. गदिमा 1977 साली गेले. त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या कवितांवरचा हक्क 2037 अखेरपर्यंत चालेल.

आता आपल्या 'ब' विंगमधल्या एका वहिनींविषयी, त्यांच्या परवानगीने. त्यांच्या यजमानांनी बरीच गाणी लिहिली, पण सभासद कधी झाले नाहीत. नोंदच नाही, तर पैसे पाठवायचे कुणाला? आम्ही दोघे गेले दोन महिने जुन्या कॅसेटची वेष्टने, करारपत्रे जमवतोय. मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद जोडून अर्ज करायचा आहे. सुनेला मी सांगितले, कॅसेट रद्दीत देऊ नकोस, ते पासबुक समज.

ऑर्केस्ट्रावाल्यांकडून गाण्यांची यादी आली आहे. त्यात मूळ गायकांची नावे ठळक आहेत, गीतकाराचे एकही नाही. यादी संस्थेकडे पाठवण्याआधी गीतकार, संगीतकार भरायचे आहेत. ज्यांना जुनी गाणी पाठ आहेत, त्यांनी रविवारी सकाळी दहा वाजता ऑफिसात यावे. चहा माझ्याकडून.