गोदावरी पुढे समुद्राला मिळते



अजिंठा-वेरूळच्या या भूमीत, छत्रपती संभाजीनगरात, स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

खोल समुद्रातील सूक्ष्मजीवांवरची परिषद मराठवाड्यात का, याचे उत्तर पैठणला आहे. तिथल्या नाथसागर जलाशयातून पुढे निघालेली गोदावरी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. आमच्या ऊस-कापसाच्या रानातून धुपून गेलेले नत्रही त्याच वाटेने जाते. समुद्रात त्याचे पुढे काय होणार, हे बव्हंशी सूक्ष्मजीव ठरवतात.

अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर प्राणवायू जवळजवळ नसतो. तिथले जिवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरतात. त्यातून बहुतांश नत्र वायुरूपाने समुद्राबाहेर जाते. सोबत नायट्रस ऑक्साइडही तयार होतो. शतकभराचा हिशेब धरला, तर हा वायू तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेतीनशे पट तापमानवाढ घडवतो. गोव्यातील दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही प्रक्रिया वर्षानुवर्षे मोजली. पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातही प्राणवायू आटून हा वायू मोठ्या प्रमाणात निर्माण होतो, हे त्यांनी २००० साली जगापुढे मांडले.

बंगालच्या उपसागरात मात्र अजून तशी वेळ आलेली नाही. नत्र बाहेर काढू शकणारे जिवाणू तिथेही आहेत. पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, खोल थरात उरलेला प्राणवायूचा अतिसूक्ष्म अंश त्यांचे काम रोखून धरतो. पाण्यात खतांचा भार वाढला, की वरच्या थरात वनस्पतिप्लवक वाढतात. ते मरून खाली जातात आणि त्यांच्या विघटनात उरलासुरला प्राणवायू खर्च होतो. हा अंश टिकवण्यात म्हणूनच आम्हा गोदाकाठच्या माणसांचाही वाटा आहे.

शेतीतील पाण्याचा अभ्यास करणारी वाल्मी ही संस्था याच शहरात आहे, मराठवाड्याचे कृषी विद्यापीठ परभणीत आहे. माझी आपणास कळकळीची विनंती आहे: समुद्रशास्त्रज्ञ, मृदातज्ज्ञ आणि शेतकरी यांनी या परिषदेत एकत्र बसावे आणि पैठणपासून नदीमुखापर्यंत गोदावरीतील नत्र नियमितपणे मोजण्याचा आराखडा आखावा. त्या कामासाठी लागेल ती मदत उभी करण्यास स्वागत समिती बांधील आहे.