इंडियन ओपन : पिशवी वाहणाऱ्यांचा इतिहास



विषय फळ्यावर वाचून पुष्कळांनी आम्हांला विचारले, "वैभववाडीत गोल्फ कशाला?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे भातखाचरे आहेत, करूळचा घाट आहे. गोल्फचे मैदान नाही. परंतु आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. जिथे एक जण खेळतो आणि दुसरा रोजावर त्याच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन मैलोगणती चालतो, तिथे आमचे लक्ष जाणारच. त्या पिशवीवाल्याला 'कॅडी' म्हणतात.

हा खेळ इंग्रजांबरोबर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, मुंबईत चेंबूरचा १९२७ चा. पुढे चेंबूर-तुर्भ्याच्या कारखान्यांत आपले कितीतरी चाकरमानी राबले. कुंपणापलीकडची हिरवळ त्यांनी बसमधूनच पाहिली.

खुद्द इंग्रजांच्या देशातही पोटासाठी खेळणारा व्यावसायिक हा साहेबाच्या खालचा गणला जाई. १८६० साली स्कॉटलंडात प्रेस्टविकला पहिली 'ओपन' झाली, तेव्हा आठ व्यावसायिक उतरले. जेत्याला पट्टा मिळाला, पैसा नाही. १९०१ साली या व्यावसायिकांनी आपली संघटना उभारली. तिचे पहिले अध्यक्ष जे. एच. टेलर हे एके काळचे कॅडी! संघटनेवाचून मान मिळत नाही, हे त्यांना आपल्याइतकेच ठाऊक होते.

आता आपली इंडियन ओपन. ऑस्ट्रेलियाचे नामांकित खेळाडू पीटर थॉमसन यांनी हिंदुस्थानात अशी स्पर्धा व्हावी म्हणून नेट लावला आणि १९६४ साली ती दिल्लीत सुरू झाली. पहिली त्यांनीच जिंकली. पुढे १९६६ आणि १९७६ सालीही. १९६५ साली कलकत्त्याला पी. जी. सेठी जिंकले. ते हौशी खेळाडू. पोटासाठी खेळणारे नव्हेत. त्यानंतर सव्वीस वर्षे एकाही भारतीयाच्या हाती करंडक आला नाही.

ही स्पर्धा चार दिवसांची, रोज अठरा होल. दोन दिवसांनंतर मागे पडलेल्यांना गाळतात. गाळला गेला की बक्षीस शून्य. प्रवास, मुक्काम, कॅडीचा रोज ज्याचा त्याने सोसायचा. आपल्या भाषेत हे उक्ते कामच. माल पास झाला तर पैसा. ज्याच्या घरी शिल्लक आहे तो दहा वेळा गाळला जाऊन अकराव्यांदा येतो. गरिबाला दुसरी खेपही जड जाते.

म्हणूनच १९९१ ची गोष्ट मोठी. दिल्लीच्या त्याच मैदानावर पिशव्या वाहून वाढलेले अली शेर जिंकले. ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक. १९९३ साली त्यांनी ती पुन्हा जिंकली. मग २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे एस. एस. पी. चौरसिया जिंकले. त्यांचे वडील कलकत्त्याच्या क्लबात हिरवळ राखणारे माळी. मुलगा तिथेच, उसन्या काठ्यांनी, पाहून पाहून शिकला. दिल्लीचे मैदान झाडीने आवळलेले, तर २०१७ चे गुरगावचे मैदान निराळ्याच घडणीचे. दोन्हीकडे तो टिकला.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की २००० सालचे विजेते ज्योती रंधावा सेनाधिकाऱ्याचे पुत्र, आणि २०१५ चे अनिर्बान लाहिरी लष्करी डॉक्टरांचे. त्यांचे श्रम आम्ही कमी लेखत नाही. पण लष्कराची मैदाने त्यांना लहानपणीच खुली होती. अली शेर यांना मैदानात शिरायचे ते ओझे घेऊनच.

२०२० ते २०२२ कोरोनामुळे स्पर्धा झाली नाही. २०२३ ला पुन्हा सुरू झाली. पण मैदानाला कुलूप लागले की रोजावरच्या माणसाची चूलही थंडावते. त्या तीन वर्षांचा हिशेब करंडकावर कोरलेला नसतो.

कुणी म्हणेल, अली शेर वर आले, तसे बाकीच्यांनी यावे. मित्रहो, हजारांत एक वर आला म्हणून नऊशे नव्व्याण्णवांचे पोट भरत नाही. कॅडीला ठरलेला रोज, आजारपणाचा विमा, म्हातारपणाची तरतूद आणि आठवड्यातून एक दिवस त्याच्या मुलांना मैदान मोकळे, एवढे झाले तर पुढचा अली शेर सव्वीस वर्षांनी येणार नाही. आपली मुले आज मुंबई-गोव्याच्या हॉटेलांत पाहुण्यांच्या बॅगा वाहतात. त्यांच्यासाठीही मागणी हीच आहे, आणि ती एकट्याने करून भागणार नाही.